विस्मृतीचा वारसा आणि पेशींतील साफसफाई
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत एक व्याख्यान माझे असावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा साहित्य, इतिहास किंवा फार तर प्रशासन यांपैकी एखादा विषय मी निवडीन अशी सर्वांची अपेक्षा असणार. मी कला शाखेचा पदवीधर. तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत आणि बदल्यांच्या गावी गेली. वैद्यकाचा किंवा जीवशास्त्राचा अधिकार मला नाही. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या मासिक बैठकींना नियमाने येणारी दोन-तीन ज्येष्ठ मंडळी येईनाशी झाली. प्रकृती म्हणावी तर धडधाकट. पण घरचा रस्ता आठवेना, मुलांची नावे आठवेनात. त्यांच्या घरी भेटीस गेलो असता त्यांच्या चिरंजीवांनी, कन्यांनी, निरोप देताना दाराशी हळूच एकच प्रश्न विचारला. ‘हे रक्तातून येते म्हणतात, ते खरे का? आता आमचेही असेच होणार का?’ त्या प्रश्नाला ‘काळजी करू नका’ एवढेच उत्तर देऊन निघून येणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून जमेल तेवढे वाचले, जाणकारांना विचारले, आणि त्यातून जे उमगले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आपल्याकडे आहे. स्मृतिभ्रंश हा शब्दही गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे घरोघरी परिचित आहे. परंतु तेथील स्मृतिभ्रंश क्रोध आणि मोह यांतून उद्भवतो. आपण ज्याचा विचार करीत आहोत, त्याचा माणसाच्या क्रोधाशी, मोहाशी वा पूर्वपापाशी काही संबंध नाही, आणि केवळ साठी उलटल्याचाही तो अपरिहार्य परिणाम नाही. तो मेंदूचा एक विकार आहे, जसा हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा असतो. म्हणीमुळे झालेले एक नुकसान असे की, ज्या विस्मरणाकडे डॉक्टरांनी पाहावयास हवे, त्याकडे आपण वयाचा धर्म म्हणून दुर्लक्ष करीत आलो.

हा विकार प्रथम बारकाईने पाहिला तो अलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने. सन 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात 51 वर्षांची एक स्त्री त्यांच्याकडे आली. तिला स्वतःचे नावदेखील धड लिहिता येईना. पतीविषयी नाही नाही ते संशय येऊ लागलेले. सन 1906 मध्ये ती निवर्तली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेत आपली निरीक्षणे मांडली. चेतापेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाचे साठे जमले होते, आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता झाला होता. सन 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. पहिली रुग्ण साठीची नव्हे, पन्नाशीची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बाहेरचे साठे कशाचे, हे कळावयास पाऊणशे वर्षे लागली. सन 1984 मध्ये अमेरिकेतील जॉर्ज ग्लेनर यांनी रुग्णांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांतून तो पदार्थ वेगळा काढला. तो एका लहानशा प्रथिनाचा तुकडा निघाला. त्याला बीटा अमायलॉइड म्हणतात. आतला गुंता टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा असतो. आपल्या विषयाचा मुख्य भाग अमायलॉइडशी निगडित असल्यामुळे त्याची उत्पत्ती थोडक्यात सांगतो.

चेतापेशींच्या आवरणात एक लांबलचक प्रथिन रोवलेले असते. त्याचे काम संपले की पेशीतील विकरे, म्हणजे एन्झाइम, त्याला कात्रीप्रमाणे कापतात. एक काप बाहेरच्या बाजूस पडतो, दुसरा आवरणाच्या आत. या दोन कापांमधला जो तुकडा सुटून येतो, तो अमायलॉइड. दुसरा काप कोठे पडतो यावर त्याची लांबी ठरते: कधी 40 अमिनो आम्लांचा, कधी 42 चा. दोनच मण्यांचा फरक. पण 42 चा तुकडा अधिक चिकट असतो. असे तुकडे एकमेकांना बिलगतात, त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजक्यांचे साठे. आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत, या सभागृहात बसलेल्या लहान मुलाच्याही मेंदूत, हा तुकडा या क्षणी तयार होत आहे. अमायलॉइड निर्माण होणे हा रोग नव्हे; तो साचून राहणे हा रोग होय. आजच्या माझ्या सांगण्याचे सार या एका वाक्यात आहे.

आता वारशाकडे येऊ. हे लांबलचक प्रथिन कसे घडवावयाचे, याची आज्ञा एकविसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये हे गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात, आणि त्यांच्या मेंदूत चाळिशीतच अमायलॉइडचे साठे दिसतात, हे आधीच ठाऊक होते. सन 1991 मध्ये लंडन येथे जॉन हार्डी, अ‍ॅलिसन गोट आणि त्यांचे सहकारी यांनी एका ब्रिटिश कुटुंबाचा अभ्यास केला. त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पन्नाशीच्या सुमारास विस्मृती येत असे. त्यांच्या या जनुकात एका अक्षराचा फरक आढळला. पुढे 1995 मध्ये आणखी दोन जनुके सापडली: चौदाव्या गुणसूत्रावरील प्रिसेनिलिन एक आणि पहिल्या गुणसूत्रावरील प्रिसेनिलिन दोन. ही दोन्ही प्रथिने दुसऱ्या कात्रीची पाती होत. पात्यात दोष आला की काप चुकीच्या जागी पडतो आणि 42 च्या तुकड्याचे प्रमाण वाढते. एकट्या प्रिसेनिलिन एकमध्ये आजवर तीनशेहून अधिक निरनिराळे दोष नोंदले गेले आहेत.

या तिन्ही जनुकांतील रोगकारक दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आणि मिळाला की बहुतेक घराण्यांत विकार ठरल्या वयाच्या आसपास येतोच. ऐकून छाती दडपावी असे हे आहे. परंतु अशा प्रकारचा निखालस आनुवंशिक अल्झायमर एकूण रुग्णांपैकी शेकडा एकाहूनही कमी जणांत असतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा विकार पासष्टीनंतर येणारा, अनेक कारणांच्या मिश्रणातून उद्भवलेला असतो.

येथे थोडे घरचे सांगतो. माझ्या मातोश्रींना वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा विकार जडला. माझ्या बदल्यांची सारी गावे त्यांना क्रमाने पाठ असत. जबलपूरचे बिऱ्हाड, कोलकात्याचे क्वार्टर, तेथले शेजारी, दूधवाले. ती गावे एकेक करून पुसली गेली. शेवटी त्या मला माझे मामा समजून बोलत. त्यांच्या पश्चात माझ्या कन्येने मला विचारले, ‘बाबा, आजीचे तुमच्याकडे आणि तुमचे माझ्याकडे येणार का?’ दाराशी विचारला गेलेला प्रश्न असा माझ्याही घरात होता. तिला मी सांगितले ते आपणांसही सांगतो. घराण्यात तीन पिढ्या ओळीने, चाळिशी-पन्नाशीत, विस्मृती आली असेल तर जनुकीय कारणाचा विचार अवश्य करावा, तोही जनुकीय सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाच्या मदतीने. एका वडीलधाऱ्या व्यक्तीला उतारवयात हा विकार झाला, एवढ्यावरून मुलांच्या नशिबी तो लिहिला गेला असे मुळीच होत नाही. धोका काहीसा वाढतो, इतकेच.

मग शेकडा एकाहूनही कमी असलेल्या या आनुवंशिक प्रकाराचा एवढा खटाटोप शास्त्रज्ञांनी का केला? कारण तेथे रोगाचा आरंभबिंदू निश्चित ठाऊक असतो. कोणाला विकार होणार आणि साधारण केव्हा होणार, हे आधी कळत असल्यामुळे, लक्षणे दिसण्यापूर्वी मेंदूत काय घडते हे पाहता येते. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने 2008 मध्ये अशा घराण्यांचे एक आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. त्यांच्या 2012 च्या निष्कर्षांनुसार, विस्मृती अपेक्षित असते त्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधीच मेंदूत अमायलॉइडचे साठे दिसू लागतात. माणूस नोकरी करीत असतो, मुलांची लग्ने ठरवीत असतो, आणि आत कचरा साचत असतो.

हा कचरा साचतो कसा, हे समजण्यासाठी आधी तो एरवी निघून कसा जातो हे पाहिले पाहिजे. आम्हा सरकारी नोकरांना रेकॉर्ड रूम ठाऊक असते. फाइल बंद झाली की तिच्यावर वर्ग घालावयाचा: ही कायम जपावयाची, ही अमुक वर्षांनी नष्ट करावयाची. मुदत संपलेल्या फाइलींची छाननी करून त्या वेळच्या वेळी काढून टाकणे, ज्याला आम्ही वीडिंग म्हणतो, हे काम कोणालाही आवडत नाही, त्याबद्दल कोणाला बढती मिळत नाही. पण ते थांबले की वर्षा-दोन वर्षांत कपाटे भरतात, मग मार्गिका भरतात, आणि शेवटी हवी ती फाइलही सापडेनाशी होते. पेशीतही असेच वीडिंग अहोरात्र चालू असते, आणि त्याच्या निरनिराळ्या शाखा आहेत.

पहिली शाखा चिठ्ठीची. बिघडलेल्या किंवा मुदत संपलेल्या प्रथिनावर पेशी युबिक्विटिन नावाच्या लहान प्रथिनाची चिठ्ठी चिकटविते. अशा चिठ्ठ्यांची साखळी झाली की ते प्रथिन प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढले जाते आणि त्याचे तुकडे होतात. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल इस्राएलचे आरोन चेखानोव्हर व अव्राम हर्शको आणि अमेरिकेचे आयर्विन रोझ यांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकेकटी, सुटी प्रथिने या मार्गाने जातात. परंतु पुंजका झाला की तो पिंपाच्या तोंडात मावत नाही.

त्यासाठी दुसरी शाखा. बेल्जियमचे क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी 1955 मध्ये पेशीतील लयकारिका शोधून काढल्या. 1974 च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. लयकारिका म्हणजे तीव्र आम्लाने आणि पाचक विकरांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या. पेशी आपलाच नकोसा भाग, प्रथिनांचे पुंजके, जीर्ण झालेल्या तंतुकणिका, एका पातळ आवरणात गुंडाळते आणि ते गाठोडे लयकारिकेच्या हवाली करते. तेथे सर्व पचून मूळ द्रव्ये पुन्हा वापरास मिळतात. या क्रियेला स्वभक्षण म्हणतात. तिच्यामागील जनुके जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी साध्या यीस्टवर, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वावर, प्रयोग करून शोधली. सन 2016 चे वैद्यकाचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

त्वचेची किंवा आतड्याची पेशी म्हातारी झाली की तिच्या जागी नवी येते. चेतापेशीला ही सोय नाही. जन्मतः लाभलेल्या पेशीनेच प्रायः आयुष्यभर काम करावयाचे. शिवाय तिचे हातपाय लांब. टोकाला जमलेले गाठोडे पचनासाठी दूरवर वाहून आणावे लागते. म्हणून स्वच्छतेतील हयगय इतर पेशींना चालून जाते, ती चेतापेशीला जाचते.

न्यूयॉर्कचे राल्फ निक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी 2005 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत एक चमत्कारिक दृश्य दाखविले. चेतापेशींच्या फुगलेल्या तंतूंत ही गाठोडी खच्चून भरलेली होती. म्हणजे कचरा गोळा होत होता, बांधलाही जात होता. पण पचत नव्हता. फाइली छाननी होऊन दाराशी रचलेल्या, आणि पुढे नेणारे कोणी नाही, अशी ती अवस्था. त्यांनीच 2010 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली, आणि आपल्या दृष्टीने ती मर्माची आहे. आनुवंशिक रोगास कारण होणारे प्रिसेनिलिन एक हे प्रथिन केवळ कात्रीचे पाते नाही. लयकारिकेत आम्ल भरणारा जो पंप असतो, तो जागेवर बसण्यासही त्याची मदत लागते. ते सदोष असेल तर लयकारिकेतील आम्ल सौम्य पडते आणि पचन मंदावते. या मताला विरोधही झाला. दुसऱ्या काही प्रयोगशाळांना आम्लाचा असा फरक आढळला नाही. परंतु प्रिसेनिलिन बिघडले की लयकारिकांचे काम बिघडते, याचे पुरावे निरनिराळ्या वाटांनी पुढे येत गेले. पहिला काप पडून दुसरा काप नीट न पडल्यास मागे जो लांब तुकडा उरतो, तोही साचून लयकारिकांवर भार टाकतो, असे काही प्रयोगांत दिसले आहे. हे खरे धरले तर या घराण्यांवरील संकट दुहेरी आहे: एकाच दोषामुळे घातक तुकडा अधिक होतो आणि त्याची विल्हेवाटही मंदावते.

पेशीच्या बाहेर पडलेल्या अमायलॉइडसाठी आणखी व्यवस्था आहेत. नेप्रिलायसिन नावाचे विकर त्याला जागच्या जागी कापते; हे जपानच्या ताकाओमी साइदो यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. इन्सुलिनचे विघटन करणारे विकरही अमायलॉइड कापते. मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी साठ्यांभोवती जमून त्यांना गिळतात. त्यांच्यावरील ट्रेम-दोन या प्रथिनात विशिष्ट दोष असल्यास उतारवयातील विकाराचा धोका वाढतो, हे 2013 मध्ये कळले. काही भाग रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तात नेला जातो. मेंदूभोवतीच्या द्रवाचा प्रवाहही हा मळ धुऊन नेतो असे मायकेन नेडरगार्ड यांनी 2012 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले, आणि झोपेत हा प्रवाह वाढतो असे 2013 मध्ये. झोपेच्या या कार्याविषयी 2024 मध्ये उलट निष्कर्षही प्रसिद्ध झाला, तेव्हा तो वाद अद्याप मिटलेला नाही.

आता दोन्ही धागे जुळवू. सेंट लुईसचे रँडल बेटमन यांनी जिवंत माणसाच्या मेंदूत अमायलॉइड किती वेगाने तयार होते आणि किती वेगाने निघून जाते, हे मोजण्याची रीत बसविली. त्यांच्या 2006 च्या मोजमापांनुसार निरोगी तरुण माणसात दर तासाला सुमारे 7.6 टक्के अमायलॉइड नवे होते आणि सुमारे 8.3 टक्के निघून जाते. जमा आणि खर्च जवळजवळ बरोबरीचे! पुढे 2010 मध्ये त्यांनी उतारवयातील रुग्णांचे मोजमाप केले. उत्पादन निरोगी समवयस्कांइतकेच होते. निचरा मात्र सुमारे 30 टक्क्यांनी मंद होता. आनुवंशिक प्रकारात घातक तुकड्याची जमा वाढते. सर्वसामान्य प्रकारात खर्च घटतो. शिल्लक दोन्हीकडे सारखीच. सर्वसामान्य प्रकारात ज्या जनुकाचा प्रभाव सर्वांत मोठा, त्या एपोई-चार या प्रकाराचेही तसेच: एक प्रत वारशाने आली तर धोका सुमारे तिपटीने वाढतो, आणि त्याचे एक कारण असे दिसते की, या प्रकारात अमायलॉइडचा निचरा सावकाश होतो. तथापि ही प्रत असूनही अनेकांना कधीच विकार होत नाही. ती धोक्याची पाटी आहे, शिक्षेचा हुकूम नव्हे.

वारशाचा हुकूमही अटळ असतोच असे नाही, हे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाने दाखविले. तेथील अँटिओकिया प्रांताच्या डोंगराळ भागात एक विस्तीर्ण गोतावळा आहे, सुमारे सहा हजारांचा. त्यांच्यापैकी अनेकांत प्रिसेनिलिन एकचा एकच दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चव्वेचाळिशीच्या सुमारास विस्मरण सुरू होते, पन्नाशीपर्यंत भान सुटते. गावकरी त्याला ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, म्हणत. कोणी करणी समजत. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी 1980 च्या दशकापासून या माणसांच्या घरोघर जाऊन वंशावळी जुळविल्या; सप्टेंबर 2024 मध्ये ते निवर्तले तोपर्यंत त्यांचे हे काम चालू होते. या गोतावळ्यातील एका स्त्रीची हकीकत 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तो घातक दोष होता, मेंदूत अमायलॉइडचे साठे अपार होते, आणि तरीही सत्तरी गाठेपर्यंत तिची स्मृती शाबूत होती. कारण, एपोईच्या क्राइस्टचर्च नावाच्या एका दुर्मिळ प्रकाराच्या दोन प्रती तिच्यापाशी होत्या. तिच्या मेंदूत टाऊचा गुंता फारच थोडा होता. सन 2024 मध्ये त्याच गोतावळ्यातील, या प्रकाराची एकच प्रत असलेल्या सत्तावीस जणांची माहिती पुढे आली. त्यांचा विकारही सुमारे पाच वर्षे लांबला होता. एका जनुकाने दिलेला निकाल दुसऱ्या जनुकाने तीस वर्षे पुढे ढकलावा, हे या शास्त्राच्या इतिहासातील मोठे आश्चर्य होय. अमायलॉइड साचणे हा आरंभ आहे. त्यापुढचा अनर्थ टाळण्याच्याही वाटा असाव्यात, असा त्याचा अर्थ.

उपचारांचे काय, असे आपण विचाराल. अमायलॉइडला चिकटून रक्षक पेशींकरवी ते काढवून घेणारी प्रतिपिंडे तयार झाली आहेत. त्यांपैकी लेकानेमॅब या औषधास 2023 मध्ये आणि डोनानेमॅबला 2024 मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. लेकानेमॅबच्या चाचणीत अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग 27 टक्क्यांनी कमी झाला. लक्षात घ्या, ऱ्हास थांबला नाही, मंदावला. आणि तोही विकाराच्या आरंभीच्या अवस्थेत. काही रुग्णांच्या मेंदूत सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो, म्हणून वारंवार तपासणी लागते. कोलंबियातील घराण्यांवर करण्यात आलेल्या क्रेनेझुमॅबच्या दीर्घ चाचणीचा निकाल 2022 मध्ये लागला आणि तो निराशाजनक ठरला. उलट गॅन्टेनेरुमॅब या औषधाविषयी 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, लक्षणे नसताना सरासरी आठ वर्षे औषध घेतलेल्या वारसदारांमध्ये विस्मृती सुरू होण्याचा धोका निम्म्यावर आल्याचे दिसले. ही माणसे बावीसच होती. एवढ्यावरून नगारे वाजवू नयेत. पण आजवर ज्या घराण्यांत ठरल्या वर्षी विस्मृती येतच असे, त्यांच्या बाबतीत ‘लवकर साफसफाई केली तर ती तिथी पुढे जाऊ शकते’ असा संकेत प्रथमच मिळाला आहे.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख लोक, स्मृतिभ्रंशाच्या कोणत्या ना कोणत्या प्रकाराने पीडित आहेत असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. महागडी प्रतिपिंडे यांपैकी कितीजणांना परवडणार? म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. विस्मरण म्हणजे अल्झायमरच असे घरच्या घरी ठरवू नये. जीवनसत्त्व बी-12 ची उणीव, थायरॉइडचा बिघाड, मनाचे नैराश्य, औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपाय आहेत. जनुकाची तपासणी कुतूहलापोटी किंवा भीतीपोटी करू नये. निकाल एका माणसाचा येतो, पण तो भावंडांचा आणि मुलांचाही असतो. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, एकाकीपणा यांकडे मध्यमवयातच लक्ष द्यावे. लॅन्सेटच्या आयोगाने 2024 मध्ये अशी चौदा कारणे मोजली आणि ती सर्व दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के प्रसंग टळतील किंवा लांबतील असे अनुमान काढले. श्रवणयंत्र लावावयास लाजणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे!

एक गोष्ट खास आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी माणसांसाठी. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांचे सहकारी यांनी हैदराबाद येथे 648 रुग्णांचा अभ्यास करून 2013 मध्ये दाखविले की, दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा आला होता. निरक्षरांतही हा फरक दिसला. यामुळे पेशींतील कचरा निघतो असे नव्हे. मेंदूला तो अधिक काळ सोसतो, असे समजले जाते. घरात मराठी, बाजारात येथील भाषा, कचेरीत हिंदी आणि इंग्रजी अशी तारेवरची कसरत आपण पोटासाठी केली. तिचा असाही उपयोग होत असेल, तर ती मुलांनाही करू द्यावी आणि घरातील मराठी मोडू देऊ नये.

शेवटी मंडळाला एक विनंती. जी ज्येष्ठ मंडळी आता येत नाहीत, त्यांना आपण हळूहळू यादीतून वगळतो. नंतर शिकलेली भाषा या विकारात पुष्कळदा आधी सुटते. मायबोली मागे राहते. ज्या शहरात शेजारी, डॉक्टर, परिचारिका यांपैकी कोणाला मराठी येत नाही, तेथे अशा माणसाशी आठवड्यातून एक तास मराठीत बोलणारे कोणी असणे, याचे मोल औषधाहून कमी नाही. चार-पाच कुटुंबांनी पाळीपाळीने हे काम उचलले तर रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसालाही तास-दोन तासांची उसंत मिळेल. पेशींतील साफसफाई शास्त्रज्ञ पाहतील; हे काम आपल्या आवाक्यातले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षातच त्याचा आरंभ व्हावा अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवतो, आणि पहिल्या पाळीसाठी माझे व माझ्या पत्नीचे नाव नोंदवितो.